समासातले एकोणीस

३ मार्च, सोमवार

महिनाअखेर! दहा वर्षांतले सगळे शोधनिबंध महिनाअखेरपर्यंत खुले झालेच पाहिजेत, असं कुलगुरूंनी सभेत टेबलावर बोट आपटून सांगितलं. बोटाला लागलं असावं. नंतर बराच वेळ ते दुसऱ्या हातात धरून बसले होते.

आजवरचा धंदा असा—आमच्या लोकांनी आमच्याच प्रयोगशाळेत राबायचं, लिहायचं, लिहिलेलं प्रकाशकाला फुकट द्यायचं, आणि प्रकाशकाने त्याला कुलूप घालून तेच आम्हाला विकायचं. गेल्या महिन्यात एक प्राध्यापक स्वतःचाच निबंध वाचायला मागायला आले. आमच्याकडेही नव्हता. दोघं मिळून पडद्यावरच्या कुलपाच्या चित्राकडे बघत बसलो, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.

आता विद्यापीठाचं स्वतःचं खुलं भांडार. कुणीही यावं, उघडावं, वाचावं, उतरवून न्यावं. मी ग्रंथपाल, त्यामुळे भांडार माझ्या गळ्यात. गळा खूश आहे, खोटं कशाला बोलू? पंधरा वर्षं ह्यासाठी भांडतेय.

सभेत एकाने विचारलंच—पण सामान्य माणूस हे वाचणार कशाला? मी उठले. म्हटलं, ज्यांचं रक्त काढून, कान तपासून, घरातलं पाणी बाटल्यांत भरून नेऊन तुम्ही हे लिहिलंत, त्यांना निदान बघू तरी द्या काय लिहिलंय ते. टाळ्या पडल्या. धाकटा त्याच्या विभागाच्या रांगेत बसला होता, तो वाजवतच राहिला. बहिणीचं भाषण म्हटल्यावर भावाला वाजवाव्याच लागतात.

६ मार्च, गुरुवार

अट एकच आहे आणि तेवढी एकच कुणाच्या डोक्यात शिरत नाही. प्रकाशकाने छापलेली, सजवलेली प्रत आपल्याला लावता येत नाही—ती त्याची. लेखकाने स्वतः टंकलेली शेवटची प्रत चालते. ती पाठवा. बस्स.

तर एकाने छापील पानांचे फोटो पाठवले. प्रत्येक पानावर अंगठा. दुसऱ्याने चुकून मुलाचा नोकरीचा अर्ज पाठवला. निबंधापेक्षा बरा लिहिलाय. एका बाईंनी फोनवर सांगितलं की ती प्रत जुन्या संगणकात होती आणि जुना संगणक जुन्या नवऱ्याबरोबर गेला. हे कुठल्या रकान्यात भरू?

गुरुवर्यांनी निरोप धाडला—माझं सगळं तुमच्या भावाकडे असतं. गुरुवर्य हे नाव मी ठेवलंय. धाकट्याचे विभागप्रमुख. कानाच्या विकारांवरचा मोठा माणूस; स्वतः मात्र कुणाचं ऐकून घेताना कधी दिसले नाहीत. धाकट्याच्या प्रत्येक निबंधावर दुसरं नाव त्यांचं.

धाकट्याच्या अकरा फायली मात्र सगळ्यांच्या आधी आल्या. नावं घातलेल्या, क्रम लावलेल्या. आईने दोघांना एकाच छडीने वाढवल्याचा फायदा.

१० मार्च, सोमवार

चारशे बारा निबंध वर चढले! एका दिवसात.

अक्कल संगणकवाल्याची. म्हणाला, एकेक फाइल उघडत बसलात तर मॅडम तुमची निवृत्ती येईल. सगळा गठ्ठा यंत्रात टाकायचा, दुसऱ्या बाजूने वाचायच्या प्रती बाहेर पडतात. मी विचारलं, तपासायच्या नाहीत? तो म्हणाला, लिहिणाऱ्यांनी तपासल्या असतील की.

लिहिणाऱ्यांनी! एवढ्यावर तरी मला शंका यायला हवी होती. नाही आली. बटण मीच दाबलं.

११ मार्च, मंगळवार

वाचनकक्षात आज कुणीतरी ओरडलं. "मला माझं नाव बघायचंय!"

साठीचे असतील. इस्त्रीचा सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी त्यांना माझ्या खोलीत आणलं, दार लावलं, हळू बोला म्हटलं—तर त्यांनी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढून माझ्यापुढे सरकवली. ऐकूच येत नाही. मी लिहायचं, त्यांनी ओरडायचं. तीस वर्षं लोकांना गप्प करत आलेल्या बाईची चांगली जिरली.

बाटल्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं भट्टीपाशी होते. आठ वर्षांपूर्वी विद्यापीठाची माणसं यंत्र घेऊन आली. काचेच्या पेटीत बसवायचे, कानाला लावायचे, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा. "मी बोट वर करायचो," ते म्हणाले. "पुढे पुढे बाकीचे करायचे तेव्हा बघून करायला लागलो." वर्षभरात काम सोडलं. साहेब काय सांगतो ते कळत नसेल तर भट्टीपाशी माणूस मरतो, म्हणाले.

आता कामगार आठ तासांची पाळी मागताहेत. कारखाना म्हणतो, बारा तासच. आणि पुरावा काय, तर आमच्या विद्यापीठाचा निबंध: कानात बोळे घातले तर बारा तासांच्या पाळीने ऐकण्यावर काही फरक पडत नाही. कामगार कार्यालयात येत्या सोमवारी सुनावणी आहे. सहा वर्षं नुसतं नाव ऐकलं त्या निबंधाचं. वाचायला गेलं की कुलूप. काल मुलीने सहज शोधला तर उघडला. तिने छापून आणला, बापाला समजावून सांगितला.

पिशवीतून तो निबंध निघाला. माझ्या धाकट्याचा.

"हे कडेला काय आहे बघा," त्यांनी बोट ठेवलं. "एकोणीस जणांना वगळा असं लिहिलंय. मी त्यात आहे का?"

मी लिहिलं—यात नावं नसतात, आकडे असतात.

त्यांनी वाचलं. "मग माझा आकडा सांगा."

लिहिलं—माहीत नाही.

"असू दे," ते म्हणाले. "सोमवारी सुनावणीत साहेबांना हेच दाखवतो." कागद घडी घालून पिशवीत ठेवले. जाताना माझे आभार मानले. अख्ख्या इमारतीने ऐकले.

१२ मार्च, बुधवार

उघडला. दार लावून.

मजकूर डावीकडे, आणि उजवीकडच्या समासात रंगीत चौकटींतून दोघांचं बोलणं. गुरूने शिष्याच्या कच्च्या प्रतीवर मारलेले शेरे, शिष्याने दिलेली उत्तरं. असे शेरे सगळ्याच फायलींत असतात, शेवटची प्रत करताना पुसायचे असतात. यंत्राला काय, त्याने समासासकट सगळं छापलं. "शेरे लपवा" अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण करायची राहिली. म्हणजे मी केली नाही.

उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मला नाही म्हणता येणार नाही.

गुरुवर्य: हे १९ जण मधेच काम सोडून गेलेले. यांना धरलं तर निष्कर्ष टिकत नाही. वगळा.

धाकटा: सर, ते ऐकू येईना म्हणूनच गेले.

गुरुवर्य: कारण आपल्याला माहीत नाही असं धरा.

धाकटा: ठीक आहे.

बास. चार ओळी. बहिरे झाले ते घरी गेले, उरले त्यांचे कान मोजले, आणि लिहिलं की कान शाबूत आहेत. हे मलाही कळतं, आणि मी कानाची डॉक्टर नाही.

त्या "ठीक आहे"कडे किती वेळ बघत बसले कोण जाणे. लहानपणी त्याला खेळायला घ्यायचे नाहीत तेव्हा तो असाच म्हणायचा.

१३ मार्च, गुरुवार

पुढच्या बुधवारी धाकट्याची मुलाखत आहे, प्राध्यापकपदाची. गुरुवर्य निवृत्त होणार, खुर्ची बहुतेक याची. समितीत गुरुवर्य स्वतः आहेतच.

नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्राच्या मागून म्हणाला, भावाला विचार. मी म्हटलं, विचारलं तर त्याला कळेल, कळलं तर मुलाखतीत एक तर खरं बोलावं लागेल नाहीतर खोटं, आणि दोन्ही त्याला जमत नाही. नाही कळलं तर नुसता बसेल, उत्तरं देईल, परत येईल. वर्तमानपत्र खाली आलं. "तू त्याला वाचवतेस की स्वतःला?" मी म्हटलं, भाजीत मीठ आहे का बघ.

चारशे बारातल्या बाकीच्या फायली आज उघडून बघितल्या, सगळ्या. आणखी एकशे सत्तरांत शेरे आहेत. "हे वाक्य कुठून आणलंस", "तुला व्याकरण येत नाही का", एका ठिकाणी "आज चहाला येशील?" निरुपद्रवी. सगळ्या नीट करायला हव्यात. सगळ्या! हेच माझ्या मनाला मी दिवसभर सांगतेय—एकच नाही करत मी, सगळ्याच करतेय.

१४ मार्च, शुक्रवार

बदलली.

साफ प्रत धाकट्याकडे मागितली असती तर त्याला कळलं असतं. म्हणून तीच फाइल घेतली आणि शेरे एकेक करून पुसले. शेवटचा त्याचा होता. नवी प्रत वर लावली की जुनी बाहेरच्यांना दिसत नाही. ती फक्त ग्रंथपालाला दिसते. म्हणजे मला.

नियमात बसतं. शेवटची प्रत म्हणजे शेरे नसलेली प्रत, असं मीच सगळ्या विभागांना लिहून पाठवलं होतं. आणि भट्टीवाल्यांकडे कागद आहेच की छापलेला. तो कुठे जातोय!

एकशे सत्तरांपैकी बाकी एकशे सत्तर राहिल्यात. सोमवारी बघू.

१६ मार्च, रविवार

धाकटा जेवायला आला होता. एकटाच. भात चिवडत बसला. मी म्हटलं, मुलाखतीचा एवढा धसका? हसला नुसता.

मग एकदम—"ताई, भांडार लोक बघतात का गं?"

बघतात म्हटलं. हजारावर प्रती उतरवल्या गेल्यात.

"माझं कुणी काही विचारलं?"

माझ्या हातात आमटीचा डाव होता. मी वाटीत आमटी घातली. मग म्हटलं, "नाही रे."

"कुणीच नाही?"

"कुणी कशाला विचारेल? जेव तू."

त्याने मान खाली घातली. घाबरलाय पोर, मला वाटलं, सुटला आता. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ ताठ होती. पाय धुवायच्या दगडावर हात फिरवल्यासारखं वाटलं.

पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, आणि मी पोर म्हणतेय.

१८ मार्च, मंगळवार

भट्टीवाले आले. या वेळी ओरडले नाहीत. कुजबुजत होते—त्यांना आपला आवाज कळत नाही, मग लाज वाटली की तो इतका खाली न्यायचा हे त्यांना कुणी सांगितलं? मला पुढे वाकावं लागलं.

सोमवारी सुनावणी झाली. यांनी कागद दाखवला. कारखान्याच्या वकिलाने तिथेच फोन काढून भांडार उघडलं. साहेबांना दाखवलं—बघा, इथे असलं काही नाही. मग यांच्याकडे वळून विचारलं, कडेचं हे तुम्ही घरी टाइप करून आणलंत का? मुलगी सोबत होती, तिने ते वहीत लिहून बापाला दाखवलं. सगळ्यांच्या देखत. ज्यांना नीट ऐकू येतं त्यांचा अपमान एकदाच होतो. यांना तो वाचावा लागला.

साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. हा कागद विद्यापीठाचाच आहे असं विद्यापीठाकडून आणा.

त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बाई, बाकी काही नको. मी खोटा नाही एवढंच लिहून द्या."

मी पेन्सिल घेतली. लिहिलं—कार्यालयीन पत्राला वेळ लागतो. गुरुवारी या.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग कागद फाडून घडी करून खिशात ठेवला, पावती असल्यासारखा.

गुरुवार का? कारण बुधवारी मुलाखत आहे. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. एका दिवसाने कुणाचं काय बिघडतं? असं आमच्या कार्यालयातली टेबलं मला रोज सांगतात आणि मी रोज त्यांच्यावर खेकसते. आज मीच टेबल झाले.

१९ मार्च, बुधवार

मुलाखत साडेअकराला होती. बारा, एक, दोन—फोन नाही. मी केला, उचलला नाही.

चारला गुरुवर्य ग्रंथालयात आले. वर्षानुवर्षं इकडे फिरकले नव्हते. कपाटं पाहत हिंडले, एका पुस्तकावरची धूळ बोटाने पुसून मला दाखवली. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, भांडार छान ठेवलंत. मागच्या आठवड्यात बघितलं तेव्हा जरा गबाळं वाटलं होतं. आता स्वच्छ आहे."

म्हणजे यांनी बघितलं होतं. बघून गप्प होते. मी काय करते याची वाट पाहत होते, आणि मी अगदी त्यांच्या मनासारखं केलं—न सांगता, न मागता. पगारी शिष्यानेही केलं नसतं इतकं चोख.

मी विचारलं, मुलाखत कशी झाली त्याची?

चष्मा पुसत म्हणाले, "हुशार आहे तुमचा भाऊ. पण थकलाय. भलतंच काहीतरी बोलत होता आज. विश्रांती घ्यायला सांगा त्याला. घरच्यांनी सांभाळायला हवं."

ते गेल्यावर मी ते पुस्तक परत जागेवर ठेवलं. ती जागा कुठली तेच मला आठवेना.

२० मार्च, गुरुवार

शेऱ्यांची प्रत साडेनऊला परत वर लावली. भट्टीवाल्यांचं पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला. कुलगुरूंना वेगळं लिहिलं—बदलली ती मी, कुणी सांगितलं नव्हतं.

नऊला धाकटा आला होता. खुर्ची दिली तर बसला नाही. "ताई, ती प्रत तू काढलीस?"

तुझ्यासाठी, म्हटलं.

"साफ प्रत माझ्या टेबलावरच होती," तो म्हणाला. "शेऱ्यांची शोधायला मला दोन दिवस लागले. सहा वर्षं तोंडाने बोलता आलं नाही, म्हणून ती पाठवली. रोज वाट बघायचो, कुणीतरी येऊन विचारेल. कुणी आलं नाही म्हणालीस. मग म्हटलं आपणच बोलू. काल मुलाखतीत सांगितलं त्यांना—भांडार उघडा, माझा तो निबंध काढा, कडेला काय आहे ते वाचा. त्यांनी उघडला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर."

"मग?"

"समास कोरा होता, ताई."